पहिल्यांदा चीनला जाताय? आधी तारखा बदला

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही, पत्नी आणि 67 वर्षांच्या आई. 2 ऑक्टोबरची सुट्टी जोडून अकरा दिवस. बीजिंग, शिआन, चेंगदू, शांघाय, शेनझेन आणि शेवटी हाँगकाँग. आई शाकाहारी, अंडंसुद्धा नाही, आणि चातुर्मासात कांदा-लसूणही नाही. एवढं सगळं सांगून तुम्ही विचारलंय इतकंच, की तिघांपैकी कुणालाच चिनी येत नाही, तर भाषेचं कसं होईल, आणि टूरबरोबर जावं की आपापलं जमेल?

भाषेचं निभावतं. मी 2010 पासून एका कारखान्याच्या खरेदी विभागासाठी वर्षातून दोन-तीनदा चीनला जात आले आणि अलीकडे ओळखीतल्या सहा-आठ जणांना हौसेनं घेऊन जाते. इतक्या वर्षांनंतरही माझं चिनी भाजीवालीशी घासाघीस करण्यापुरतंच आहे. भाषेपायी कुणाची ट्रिप फसलेली मी पाहिली नाही. चुकीच्या आठवड्यात गेल्यामुळे, सहा शहरांच्या मागे धावल्यामुळे आणि फोन तयार न करता विमानात बसल्यामुळे फसलेल्या मात्र बऱ्याच पाहिल्यात. तुमच्या बेतात सध्या पहिल्या दोन गोष्टी नक्की आहेत, तिसरीचा उल्लेखच नाही.

आधी तारखा. 1 ऑक्टोबर हा चीनचा राष्ट्रीय दिन. त्या दिवसापासून साधारण आठवडाभर अख्खा देश सुट्टीवर असतो आणि अख्खा देश फिरायला निघतो. आपण गांधी जयंतीला जोडून जे दिवस काढतो, नेमके तेच. त्या आठवड्यात चीनची भिंत बघायला जाणं म्हणजे आषाढीला पंढरपूर निवांत बघू म्हणून निघण्यासारखं आहे. रेल्वेची तिकिटं मिळत नाहीत, हॉटेलं दुपटी-तिपटीनं महागतात, आणि भिंतीवर तुम्हाला भिंत दिसत नाही, पाठी दिसतात. एकदा कामामुळे मी त्या आठवड्यात शांघायला अडकले होते. नदीकाठी 'बंद' नावाचा फिरायचा रस्ता आहे, तिथे पोलीस हाताला हात धरून साखळी करून उभे होते आणि गर्दी सिग्नलप्रमाणे सोडत होते. आईंना तिथे न्यायची कल्पनाही करवत नाही. 1 मेच्या सुमाराचे दिवस आणि जानेवारी अखेर ते फेब्रुवारी या काळात कधीतरी येणारं चिनी नववर्ष, हेही असेच टाळायचे आठवडे.

तुम्ही 12 ऑक्टोबरनंतर निघा. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचा काळ उत्तम. बीजिंगमध्ये दिवसा छान ऊन आणि रात्री स्वेटर-जॅकेट लागेल एवढी थंडी. मात्र इमारतींमधली सरकारी हीटिंग तिथे 15 नोव्हेंबरच्या आसपास सुरू होते, तोवर खोल्या गार लागू शकतात. आईंसाठी उबदार मोजे आणि शाल सामानात असू द्या. दिवाळीच्या सुट्टीत बसत असेल तर तसं करा, नाहीतर सरळ एप्रिल. (ग्वांगजौ तुमच्या यादीत नाही ते बरंच आहे. 15 एप्रिल आणि 15 ऑक्टोबरपासून तिथे जो मोठा व्यापार मेळा भरतो, तेव्हा साध्या हॉटेलचे भाव ऐकून आम्हा नेहमीच्या लोकांनाही घाम फुटतो.)

आता शहरं. अकरा दिवसांतले येण्याजाण्याचे दोन वजा केले की नऊ उरतात. नऊ दिवसांत सहा शहरं म्हणजे तुम्ही चीन नाही, चीनची रेल्वे स्टेशनं बघाल. बीजिंगला चार रात्री, शिआनला तीन, शांघायला तीन, एवढंच ठेवा. जाताना बीजिंगला उतरा आणि परत शांघायहून या, म्हणजे मागे फिरायचा दिवस वाचतो. 2020 पासून बंद पडलेली भारत-चीन थेट विमानसेवा ऑक्टोबर 2025 मध्ये पुन्हा सुरू झाली, पण सुरुवात कोलकाता आणि दिल्लीहून झाली. मुंबईहून तुम्हाला काय सोयीचं पडतं ते तिकीट काढायच्या दिवशीच बघावं लागेल. आईंसाठी एकच थांबा आणि तोही तीन-चार तासांचा असेल असं बघा.

हाँगकाँगबद्दल एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. हाँगकाँग चीनचा भाग असलं तरी तिथलं इमिग्रेशन वेगळं आहे. भारतीयांना तिथे 14 दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, पण आधी ऑनलाइन नोंदणी करून तिचा कागद छापून न्यावा लागतो. आणि शेनझेनमधून हाँगकाँगला पाऊल टाकलंत की तुम्ही चीनच्या बाहेर गेलात. परत आत यायचं तर दोन प्रवेशांचा व्हिसा हवा. एक प्रवेशाचा व्हिसा घेऊन सीमेवर अडकलेले लोक मी पाहिलेत. तुमच्या बेतात हाँगकाँग शेवटी आहे, म्हणजे तांत्रिक अडचण नाही, पण या वेळी ते सोडाच. चिनी पर्यटक व्हिसा, म्हणजे 'एल' वर्गाचा, आपल्याला निघण्यापूर्वीच काढावा लागतो. चीननं अनेक देशांना दिलेली व्हिसामाफी आणि दहा दिवसांची ट्रान्झिट सवलत, दोन्हींत भारत नाही. परदेशी यूट्यूबरांचे 'व्हिसाशिवाय चीन' हे व्हिडिओ बघून भुलू नका.

आता फोन. इथे थोडं सविस्तर लिहिते, कारण चीनमध्ये फोन हे पाकीट आहे, तिकीट आहे, नकाशा आहे आणि दुभाषाही आहे. तो बंद पडला की चाळिशीतला धडधाकट माणूस जत्रेत हरवलेल्या पोरासारखा दिसायला लागतो.

पैसे क्यूआर कोडनं दिले जातात, आपल्यासारखेच, पण आपलं यूपीआय तिथे चालत नाही. तिथली दोन मोठी ॲप्स म्हणजे अलीपे आणि वीचॅट. वीचॅटवर भारतात जून 2020 पासून बंदी आहे (त्याच 59 ॲप्सच्या यादीत बायदू मॅप हे चिनी नकाशाचं ॲपही होतं), त्यामुळे आपल्यासाठी व्यवहार्य रस्ता अलीपेचाच. ते निघण्याच्या निदान दहा दिवस आधी फोनवर घ्या, पासपोर्टनं ओळख पडताळून घ्या आणि तुमचं व्हिसा किंवा मास्टरकार्ड त्यात जोडा. 200 युआनपर्यंतच्या व्यवहाराला जादा शुल्क नाही, त्यावर गेलात की 3 टक्के. शिवाय तुमची बँक परकीय चलनाचं काय घेते ते वेगळं. युआन साधारण 12-13 रुपयांचा धरा.

इथे आपली माणसं दोन ठिकाणी अडकतात. एक, आपल्याकडे कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंद ठेवलेले असतात. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ते चालू करावे लागतात. दोन, ओटीपी येणार भारतीय नंबरवर, आणि तो नंबर रोमिंगवर नसेल तर शांघाय विमानतळावर उभं राहून कार्ड जोडता येत नाही. माझ्या गटातल्या एका जोडप्यानं 'तिथे गेल्यावर करू' म्हणून ठेवलं होतं. पुढचे तीन दिवस त्यांच्या चहापासून मेट्रोपर्यंत सगळं माझ्या फोनवरून गेलं आणि वहीत हिशोब लिहून ठेवावा लागला. तुम्ही आणि पत्नी दोघांनीही आपापलं अलीपे वेगवेगळ्या बँकांच्या कार्डांवर तयार ठेवा. एखाद्या बँकेनं संशयास्पद व्यवहार म्हणून कार्ड रोखलं, तर दुसरं हाताशी असतं.

रोख नेऊ नये असं नाही. पाचशे ते हजार युआन सुट्ट्या नोटांत जवळ ठेवा. रस्त्यावरचे काही छोटे विक्रेते खाजगी कोड लावून बसलेले असतात आणि परदेशी कार्डावरून त्यांना पैसे जात नाहीत. आईंच्या पर्समध्येही दोन-तीनशे युआन, हॉटेलचं चिनी अक्षरांतलं कार्ड आणि तुमचा नंबर असू द्या.

इंटरनेटचं काय? गूगल, व्हॉट्सॲप, यूट्यूब, फेसबुक हे सगळं तिथल्या नेटवर बंद. पण भारतीय सिमवर रोमिंग घेतलंत, किंवा भारतातूनच प्रवाशांसाठीचं ई-सिम घेतलंत, तर डेटा तुमच्या कंपनीच्या परदेशी जाळ्यातून फिरून येतो आणि सगळं सुरू राहतं. म्हणून व्हीपीएनच्या भानगडीत मी कुणाला पाडत नाही. फक्त एक लक्षात ठेवा. हॉटेलचं वायफाय लागलं की व्हॉट्सॲप बंद पडतं आणि लोक घाबरतात. वायफाय काढा, रोमिंगवर या, नातवंडांशी बोलणं पुन्हा सुरू.

गूगलचा नकाशा उघडला तरी त्याच्यावर विसंबू नका. तिथल्या अधिकृत नकाशांची मोजपद्धत मुद्दाम सरकवलेली आहे, त्यामुळे तुमचा निळा ठिपका शेजारच्या गल्लीत उभा दिसतो. आयफोन असेल तर ॲपलचा नकाशा तिथे चांगला चालतो. टॅक्सी 'दीदी' या टॅक्सीसेवेनं बोलवा. ती अलीपेच्या आतूनच मिळते आणि चालकाशी होणारी लेखी बातचीत आपोआप भाषांतरित होते. पत्ता मात्र चिनी अक्षरांतच हवा. माझ्या पहिल्याच दौऱ्यात मी हॉटेलचं इंग्रजी नाव टॅक्सीवाल्याला दाखवलं. त्यानं मोठ्या विश्वासानं मला त्याच साखळीच्या, पण शहराच्या दुसऱ्या टोकाच्या हॉटेलात रात्री अकराला नेऊन सोडलं. त्या दिवसापासून प्रत्येक हॉटेलचं चिनी नाव, पत्ता आणि फोन याचा स्क्रीनशॉट काढल्याशिवाय मी विमानात बसत नाही.

बॅटरी दिवसभर पुरणार नाही. पण आपली इथली पॉवर बँक नेताना एक अडचण आहे: 28 जून 2025 पासून चीनमधल्या देशांतर्गत विमानांत 'थ्री-सी' हे चिनी प्रमाणचिन्ह नसलेली पॉवर बँक नेता येत नाही, आणि आपल्याकडच्या बहुतेकींवर ते नसतं. तुम्ही रेल्वेनं फिरणार असाल तर हा प्रश्न येत नाही. नाहीतर दुकानादुकानांत भाड्यानं पॉवर बँक देणारी यंत्रं आहेत. एका दुकानातून घ्या, दुसरीकडे परत करा.

फोनच्या खालोखाल पासपोर्ट. झेरॉक्स नव्हे, मूळ पासपोर्ट, रोज, अंगावर. रेल्वेचं तिकीट म्हणजे वेगळा कागद नसतोच. तुमचा पासपोर्ट हेच तिकीट. संग्रहालयांची, राजवाड्याची आरक्षणंही पासपोर्ट क्रमांकावर. आणि इथे मराठी नावांची एक खास गोची आहे. आपल्या पासपोर्टवर स्वतःच्या नावाला जोडून वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं, मग आडनाव वेगळ्या रकान्यात. बुकिंग करताना कुणी फक्त नाव-आडनाव टाकतं, कुणी तिन्ही. तिकीट एका नावाचं आणि पासपोर्ट दुसऱ्या नावाचा झाला की फाटकावरच्या बाईंना ते पटवून देणं शक्य नसतं. पासपोर्टच्या फोटोच्या पानावरच्या शेवटच्या दोन ओळींत, त्या बाणांच्या चिन्हांमध्ये, नाव जसं छापलंय तसंच्या तसं सगळीकडे भरा.

रेल्वे हा चीनमधला सगळ्यात आनंदाचा भाग. बीजिंग ते शांघाय 1318 किलोमीटर, साडेचार तासांच्या आसपास, ताशी 350 किलोमीटर वेगानं. तुम्हाला बीजिंग-शिआनला साडेचार-पाच तास लागतील आणि शिआन-शांघायला सहाच्या पुढे. विमान दिसायला जलद, पण विमानतळाचं अंतर आणि तपासण्या धरल्या तर आईंना रेल्वेच सुखाची. तिकीटविक्री पंधरा दिवस आधी उघडते. 12306 हे सरकारी ॲप आहे, इंग्रजीतही चालतं, पण परदेशी पासपोर्टची पडताळणी करायला वेळ घेतं. पहिल्या खेपेला ट्रिप डॉट कॉमवर थोडं सेवाशुल्क देऊन काढलीत तरी हरकत नाही.

एका शहरात पाच-सहा मोठी स्टेशनं असतात आणि ती एकमेकांपासून तासाभराच्या अंतरावर. आपल्याकडे सीएसएमटी, कुर्ला आणि वांद्रे टर्मिनस यांत गोंधळ होतो तसाच, पण इथे चूक सुधारायला वेळ मिळत नाही. शांघायच्या गाड्या मुख्यतः बीजिंग दक्षिणहून, शिआनच्या बहुतेक बीजिंग पश्चिमहून. एक तास आधी पोहोचा. आत जाताना सामानाची तपासणी, मग भला मोठा प्रतीक्षा कक्ष, आणि गाडी सुटायच्या काही मिनिटं आधी फाटक बंद. ते पुन्हा उघडत नाही. बहुतेक स्वयंचलित फाटकं चिनी ओळखपत्रासाठी असतात. कडेला माणूस उभा असलेली एक मार्गिका असते, तिकडे चला. आणि सामानात चाकू, कात्री ठेवू नका. सामानाची तपासणी प्रत्येक मेट्रो स्थानकावरही होते. आमच्या गटातल्या एका काकांचा पितळी अडकित्ता शिआन स्टेशनवर जप्त झाला. ते हत्यार नसून सुपारी कापायचं साधन आहे हे अभिनय करून दाखवण्यात आमची दहा मिनिटं गेली. अडकित्ता गेलाच.

गाडीत प्रत्येक डब्यापाशी उकळत्या पाण्याचा नळ असतो. चीनमध्ये पाणी म्हणजे गरम पाणीच, उपाहारगृहातही तेच आधी येतं. नळाचं पाणी पिऊ नका, पण स्टेशन, विमानतळ, हॉटेलची किटली, सगळीकडे 'खाइश्वेइ', म्हणजे उकळलेलं पाणी, फुकट मिळतं. एक चांगला थर्मास न्या. इन्स्टंट पोहे-उपम्याची पाकिटं इथे सोन्यासारखी उपयोगी पडतात. मात्र ताजी फळं, भाज्या, बी-बियाणं आणि दुधाचे पदार्थ चीनच्या कस्टममध्ये चालत नाहीत, तेव्हा पेढे आणि तुपाची बरणी घरीच ठेवा. चटणी, भाकरवडी, मेतकूट ठीक.

जेवणाबद्दल तुम्ही सगळ्यात जास्त घाबरलेले दिसताय, पण आईंच्या नियमांमुळेच काम सोपं होणार आहे. 'मांस नको' असं सांगून चालत नाही. तिथे 'रौ' (मांस) म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यापुढे डुकराचं मांस येतं. मग सुकी कोळंबी, ऑयस्टर सॉस, कोंबडीचं पाणी, चरबीत परतलेली पालेभाजी हे सगळं 'मांस नसलेलं' म्हणून समोर येतं. शब्द वापरायचा तो 'सू'. 'वो छ्र सू', मी शाकाहारी आहे. या 'सू'ला बौद्ध परंपरेचा आधार आहे, आणि चिनी बौद्ध विहारांच्या स्वयंपाकात मांस-मासे तर नसतातच, शिवाय कांदा, लसूण आणि त्या कुळातल्या पाती वर्ज्य असतात. म्हणजे चातुर्मासच! मोठ्या विहारांच्या आवारात किंवा जवळपास अशी उपाहारगृहं असतात, आणि बीजिंग-शांघायसारख्या शहरांत स्वतंत्र शाकाहारी हॉटेलं बरीच आहेत. नकाशात 'सूश्र' या शब्दाची चिनी अक्षरं टाकून शोधा. अंड्याबद्दल मात्र वेगळं विचारा. आणि तिथे 'कोंबडी', 'मासा' लिहिलेलं दिसलं म्हणून उठून येऊ नका. सोयाबीन आणि गव्हाच्या ग्लुटेनपासून केलेली ती नक्कल असते. आमच्या एक आजी मात्र नुसत्या रूपाला बिचकल्या आणि भातावर उठल्या.

नेहमीच्या हॉटेलात शिरलात तर काय मागाल? 'दी सान श्येन': वांगं, बटाटा, ढोबळी मिरची, 'स्वान ला थुदौ स्स': बटाट्याचा किस, आंबट-तिखट. दोन्हींत लसूण असतो, म्हणून ते तुमच्यासाठी. आईंसाठी लसूण-पात नको असं लिहून दाखवा. शिआनला 'ल्यांगफी' नावाच्या गार रुंद शेवया मिळतात, तिथल्या रस्त्यावरच्या खाण्याचा तो जीव. सकाळी सोयाबीनचं गरम दूध आणि 'यौथ्याओ', म्हणजे खारी, आतून पोकळ, लांब तळलेली कांडी. मापो तोफू शाकाहारी वाटतं, पण त्यात बहुतेकदा खिमा असतो. नावं दोन्ही बाजूंनी फसवतात. 'माशाच्या चवीचं वांगं' यात मासा नसतो, खिमा असू शकतो. 'झाडावर चढणाऱ्या मुंग्या' म्हणजे शेवया आणि खिमा. आणि कॅमेऱ्यानं भाषांतर करताना 'नवरा-बायकोच्या फुफ्फुसाच्या चकत्या' असं आलं तर भाषांतर चुकलंय असं समजू नका. पदार्थाचं नाव खरंच तसं आहे. असतं गाईचं मांस.

सिचुआन पद्धतीचं जेवण तिन्ही शहरांत मिळतं. त्यातला तो जीभ बधिर करणारा दाणा तोंडात आला की कोकणातल्या माणसाला लगेच ओळख पटते. तो आपल्या तिरफळाचा सख्खा चुलत भाऊ. एकाच कुळातली झाडं. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळ खाल्लेल्याला सिचुआनचं नवल वाटत नाही.

इथवरचं एका दमात: 12 ऑक्टोबरनंतर निघा, तीनच शहरं, हाँगकाँग नाही, दोन फोनांवर दोन कार्डांची अलीपे खाती इथूनच चालू करून न्या, भारतीय नंबर रोमिंगवर ठेवा, मूळ पासपोर्ट अंगावर, आणि जेवायला बसल्यावर 'सू'.

बघण्याच्या जागा तुम्ही वाचूनच आला आहात, म्हणून फक्त अडणाऱ्या गोष्टी सांगते. बीजिंगचा राजवाडा सोमवारी बंद असतो आणि तिकीट दारावर मिळत नाही. सात दिवस आधी, तिथल्या रात्री आठला, म्हणजे आपल्या साडेपाचला, विक्री उघडते आणि चांगल्या दिवसांची तिकिटं पटापट संपतात. थ्येनआनमन चौकातही आधी नोंदणी लागते. दक्षिणेच्या दारातून आत, उत्तरेच्या दारातून बाहेर, मध्ये जवळपास एक किलोमीटर दगडी अंगणं आणि उंच उंबरठे. आईंचे गुडघे कसे आहेत ते तुम्ही लिहिलं नाही. बरे असतील तर सकाळी लवकर, अर्धा दिवस, एवढंच करा आणि दुपारी खोलीवर. भिंतीसाठी बादालिंगला न जाता मूत्यान्यूला जा. तिथे केबल कार थेट 14 क्रमांकाच्या बुरुजापाशी सोडते, चढ चढावा लागत नाही. तुम्हा दोघांना घसरगाडीनं खाली यायचं असेल तर ती 6 क्रमांकाच्या बुरुजापासून सुटते. आईंना केबल कारनंच उतरवा.

स्वच्छतागृहं बहुतांश भारतीय पद्धतीची आहेत, ही आईंसाठी चांगली बातमी, पण कागद स्वतःचा न्यावा लागतो आणि पाण्याचा फवारा नसतो. छोटी बाटली पिशवीत असू द्या. राजवाड्याच्या किंवा शांघायच्या नानजिंग रस्त्याच्या परिसरात छान इंग्रजी बोलणारी दोन तरुण मुलं 'चला, चहा पिऊ' म्हणाली तर हसून पुढे चला. त्या चहाचं बिल हजारो युआनांत येतं. एवढं सोडलं तर रात्री दहाला बायकांनी एकट्यानं मेट्रोनं परतण्याइतकी शहरं सुरक्षित आहेत. मी अनेकदा परतलेय. फक्त शेवटची मेट्रो अकराच्या आसपास जाते, मुंबईची सवय ठेवू नका.

कुणा ओळखीच्यांच्या घरी राहणार असाल तर 24 तासांत पोलीस ठाण्यात नोंद करावी लागते. हॉटेल ती आपोआप करतं. परदेशी पाहुणे घेणार नाही असं हॉटेलनं म्हणू नये असा सरकारी आदेश आता आहे, तरी लहान जागी काउंटरवरच्या मुलाला पासपोर्टची नोंद करता येत नाही म्हणून परत पाठवल्याचा अनुभव मला एकदा आलाय. म्हणून पहिल्या ट्रिपला मोठ्या, परदेशी पाहुण्यांची परीक्षणं असलेल्या हॉटेलातच उतरा, मेट्रोपासून चालत पाच-सात मिनिटांवर.

टूर की स्वतः, याचं उत्तर तुमच्या फोनवरच्या हातावर आणि आईंच्या तब्येतीवर अवलंबून आहे. आपल्या टूरबरोबर स्वयंपाकी महाराज असतो किंवा रोज भारतीय हॉटेल असतं, आणि सामान कुणीतरी उचलतं. बदल्यात जेड, रेशीम आणि चहाच्या दुकानांत तुमचे अर्धे दिवस जातात. तुमच्यापैकी कुणी रोज आनंदानं यूपीआय आणि रेल्वेची तिकिटं हाताळत असेल, तर तुम्ही स्वतः जाऊ शकता. मधला मार्ग मला सगळ्यात पटतो: बेत आपला, पण बीजिंगच्या दोन दिवसांसाठी इंग्रजी बोलणारी स्थानिक गाईड आणि गाडी. पहिले दोन दिवस हात धरणारं कुणी मिळालं की पुढचं शिआन-शांघाय अंगवळणी पडतं. आईंना चालण्याचा त्रास असेल किंवा मधुमेहाची इन्सुलिन वगैरे वेळापत्रकं असतील तर मात्र टूरच बरी. औषधं मूळ वेष्टनात आणि चिठ्ठीसकट न्या, आणि चीन आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे हे गोळ्यांच्या वेळांत धरा.

शेवटी दोन जागा सुचवते. शिआनला मातीचे सैनिक तुम्ही बघणारच. 1974 मध्ये विहीर खणताना शेतकऱ्यांना ते सापडले. पण एक संध्याकाळ दायान पॅगोड्यासाठी ठेवा. आपल्या शाळेच्या पुस्तकातला युआन श्वांग भारतातून जे ग्रंथ घेऊन परतला, ते ठेवण्यासाठी 652 मध्ये तो बांधला. हा माणूस सातव्या शतकात दुसऱ्या पुलकेशीच्या महाराष्ट्रातही येऊन गेला होता आणि इथली माणसं उपकार विसरत नाहीत, अपमानही विसरत नाहीत असं लिहून गेला. आईंना हे आधी सांगून ठेवा, त्या पॅगोड्याकडे वेगळ्या नजरेनं बघतील.

दुसरी जागा शीच्याच्वांग. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले, जखमी सैनिकांवर उपचार करत राहिले आणि 9 डिसेंबर 1942 ला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच वारले. शीच्याच्वांगच्या हुतात्मा स्मशानभूमीत त्यांची समाधी आणि पुतळा आहे. तिथल्या लोकांना 'के दीह्वा' हे त्यांचं चिनी नाव सांगितलं की ओळख पटते. मी गेले तेव्हा समाधीपुढे ताजी फुलं होती आणि झाडूवाल्या बाईंनी मी भारतातली आहे कळल्यावर माझा फोटो काढून दिला. हे शहर बीजिंग-शिआन मार्गावरच आहे, बीजिंगहून सव्वा-दीड तास. सकाळच्या गाडीनं उतरा, स्टेशनवर सामान ठेवा, दुपारी पुढच्या गाडीनं शिआन. दोन वेगळी तिकिटं काढा, आणि स्टेशन बीजिंग पश्चिम, दक्षिण नव्हे.